बोअर नंबर पाचचा खडक

मी, चिंतामणी रघुवीर वागळे, वय वर्षे एकसष्ट, धंदा इमारतीच्या पायाखालची माती तपासून सल्ला देणे, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, आज असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी माझी छाती तपासून फार तर वर्षभराची मुदत दिली आहे. डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून फसवलेले नाही. गोड बोलणारी माणसे माझ्याकडे यायची केव्हाच थांबली. १९५४ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात मी स्वतःला प्रामाणिक इंजिनियर म्हटले होते.

माझ्यापाशी वाटण्यासारखे फारसे नाही. हा कागद मी मुख्यतः एका माणसासाठी करीत आहे. श्री. गुणाजी भिवा तांबे, राहणार परळ, पंचवीस वर्षे माझ्याकडे बोअरिंग मिस्त्री होते. १९५७ साली एक इमारत खचली आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारला गेला. तो दोष त्यांचा नव्हता. तो कसा आणि कोणाचा, हे कलम सातमध्ये येईल. आधी किरकोळ गोष्टी उरकतो.

कलम एक. माझे प्रेत चंदनवाडीत न्यावे. तेरावा घालू नये. शोकसभा तर मुळीच घेऊ नये, कारण शामराव पाणंदीकर तिथे बोलायला उभे राहतील आणि मला उठून उत्तर देता येणार नाही.

कलम दोन. ठाकूरद्वारच्या या दोन खोल्या भाड्याच्या आहेत. भाडेपावती माझी मुलगी चि. सुनेत्रा हिच्या नावावर व्हावी. पोस्टात जे काही आहे ते तिचे. तिच्या आईचे, म्हणजे माझी पत्नी कै. दुर्गा हिचे दागिने तिच्याकडे आहेतच. फक्त पितळेची मोठी परात मोडीत घालू नये. तिच्या बुडाला जो काळा डाग आहे तो शिवडीच्या खाजणातल्या चिखलाचा. ओल्या मातीत पाणी किती, हे पाहायचे तर ती आधी तोलायची, मग सुकवून पुन्हा तोलायची. माझ्याकडे त्यासाठी यंत्र नव्हते, म्हणून मी दुर्गेची चूल वापरीत असे. "ह्या घरात भाकऱ्यांपेक्षा चिखल जास्त भाजला जातो," असे ती शेजारणींना सांगे. त्या मला चिखलमास्तर म्हणत. तेव्हा मला राग येई. आज वाटते, तेवढे एक नाव मी खरोखर कमावले होते.

कलम तीन. माझी पुस्तके आणि मासिके. ती ज्या कॉलेजात मी सात वर्षे फुकट व्याख्याने दिली त्या कॉलेजाला देऊ नयेत. तिथल्या प्राध्यापकांनी माझी ओळख दर वर्षी 'आपले अनुभवी गृहस्थ' अशी करून दिली, कारण माझ्याकडे पदवी नव्हती, डिप्लोमा होता. पुस्तके दादरच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत. कोणी वाचणार नाही, पण कोणी नाकही मुरडणार नाही.

या पुस्तकांत काय आहे ते सुनेत्राखेरीज माझ्या नात्यागोत्यात कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. मी १९२१ साली लालबागला एका गिरणीच्या गोदामावर ओव्हरसियर म्हणून लागलो, तेव्हा मातीचे शास्त्र म्हणून काही चीज नव्हती. खड्डा खणायचा. मुकादमाने पहार मारायची. मुरूम लागला असे तो म्हणाला की साहेबाने खड्ड्याच्या काठावरून डोकावून मान हलवायची. फारच शंका आली तर वाळूची पोती रचून पाहायची. ते गोदाम दोन पावसाळ्यांत एका अंगाला कलले. साहेबाने गवंड्यांना काढून टाकले. मातीला कोणी जाब विचारला नाही, कारण तिला काय विचारायचे हेच कोणाला माहीत नव्हते.

पुढे वाचनात आले की युरोपात एक प्राध्यापक चिखलाची चकती पितळेच्या कड्यात बसवून तिच्यावर वजने ठेवतात आणि ती किती दबते, किती वेळात दबते, ते मोजतात. १९३६ साली या विषयाची जगभरची माणसे अमेरिकेत एकत्र जमली. मी त्या परिषदेचे इतिवृत्त बोटीने मागवले आणि आठ महिने वाट पाहिली. ते आले त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. पायाखालच्या जमिनीलाही नियम आहेत, ती लहरी नाही, तिला प्रश्न विचारले तर ती उत्तर देते, हे वाचून मला जो आनंद झाला तसा पुन्हा कधी झाला नाही. लढाईत विमानतळ बांधायची घाई सुटली तेव्हा सरकारला मातीची आठवण झाली. स्वातंत्र्यानंतर धरणे आली, प्रयोगशाळा आल्या, मंडळे आली, आणि त्यांच्या मागोमाग परदेशी पदव्या आल्या. आम्ही चुलीवर चिखल भाजणारे त्या मंडळांत मागच्या खुर्चीवर बसलो.

कलम चार. चिखल दाबून पाहण्याचे पितळी यंत्र सुनेत्राला द्यावे. ते मी लालबागच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. वजने वाण्याच्या दुकानातली आहेत. शाळेतून आल्यावर ती घड्याळ समोर ठेवून काट्याचे आकडे टिपून घेई. एक मिनिट, दोन, चार, आठ, पंधरा, तीस. तिचा आकडा कधी चुकला नाही आणि तिने कधी तो माझ्या सोयीचा करून लिहिला नाही. तिला मी इंजिनियर करायला हवे होते. टायपिंगच्या वर्गात घातले. त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही, हेही इथे नोंदवतो.

कलम पाच. श्री. शामराव पाणंदीकर यांना काहीही देऊ नये. १९५१ साली ते विलायतेहून पदवी घेऊन आले आणि आम्ही भागीदारी केली. पदवी त्यांची, काम माझे. त्यांना पाच वर्षांत बुटाला चिखल लागलेला मी पाहिला नाही. अहवाल कसा बांधावा, त्याला कोणते कापड लावावे, हे मात्र त्यांच्याकडून शिकावे. त्यांच्या फोर्टमधल्या कचेरीच्या पाटीवर अजून माझे नाव आहे. ते काढावे. काढायला गडी लागला तर तो माझ्या पैशाने लावावा.

कलम सहा. येत्या मे महिन्यात आमच्या मातीशास्त्राच्या मंडळातर्फे माझा सत्कार ठरला आहे. मुंबईत हे शास्त्र रुजवणारा पहिला मराठी माणूस, असे निमंत्रणपत्रिकेत छापले आहे. शाल मिळेल, श्रीफळ मिळेल. शाल सुनेत्राने कोणालाही द्यावी. श्रीफळ घरात आणू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम सात. आता मूळ गोष्ट.

अँटॉप हिलच्या पायथ्याशी खाजणात भर घालून केलेल्या जमिनीवर एका गृहसंस्थेला तीन मजली इमारत बांधायची होती. संस्थेचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचे आधीच पुरेसे नुकसान झाले आहे. आम्हांला सहा बोअर घ्यायचे होते. बोअर म्हणजे तीन वाशांचे तिकाटणे उभे करून, दोराने जड छिन्नी उचलून आपटत, लोखंडी पाइप जमिनीत खडकापर्यंत नेणे. खाजणात वर भर असते, खाली काळा चिखल, त्याखाली मुरूम, मग खडक. पण भर घालणारे लोक डोंगर फोडून आणलेले मोठाले धोंडेही टाकतात. ते चिखलात बुडून मध्येच कुठेतरी अडकतात. छिन्नीला धोंडा लागला की खडक लागल्यासारखेच वाटते. म्हणून नियम असा की खडक लागला तरी आणखी पाच फूट खोदून खात्री करायची. हा नियम मी स्वतः कॉलेजात फळ्यावर लिहून शिकवीत असे.

आमच्या धंद्यात एक रीतही आहे. खडक लागला की मालकाने पाइपावर नारळ फोडायचा आणि टोळीला पेढे व एकेक धोतर द्यायचे. नारळ फुटला की तो बोअर संपला. त्या भोकात पुन्हा छिन्नी घालायची नाही. घातली तर खालचा देव कोपतो आणि टोळीतला माणूस जातो. हे कोणी केव्हा ठरवले देव जाणे. पण कोकणातली माणसे ही रीत मोडत नाहीत, आणि आमची टोळी सगळी कोकणातली होती.

सोमवार, १६ जानेवारी १९५६. बोअर नंबर पाच, इमारतीची उत्तर बाजू. बावीस फुटांवर छिन्नी वाजली. कंत्राटदाराचा माणूस सकाळपासून नारळ घेऊन बसला होता, कारण त्याला काम लवकर सुरू करायचे होते. त्याने लगेच नारळ फोडला. टोळी पेढ्यांकडे वळली. गुणाजी तांबे पाइपाला हात लावून तसेच उभे राहिले.

"साहेब, ह्यो धोंडा हाय. खडक न्हाय."

"कशावरून?"

"खडकावर छिन्नी पडली की झटका हाताला वर येतो. हितं पाइप खाली हलतोय. अजून पाच फूट जाऊया."

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "आता नारळ फुटला ना, मिस्त्री!"

"नारळ फुटला म्हून खडक येत न्हाय," गुणाजी म्हणाले.

टोळीतले कोणी दोराला हात लावीना. मी, ज्याने वीस वर्षे मातीत देव नाही, नियम आहेत असे व्याख्यान दिले, तो म्हणालो, "उद्या बघू." मात्र खिशातल्या वहीत शिसपेन्सिलीने लिहिले: बोअर पाच, बावीस फूट, धोंडा असावा, पाच फूट पुढे जाणे, गुणाजीचे मत. माझी सही, तारीख.

त्या संध्याकाळी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे रेडिओवर जाहीर झाले. दुसऱ्या दिवसापासून गिरगाव, लालबाग, परळ पेटले. कर्फ्यू लागला, गोळीबार झाले, आमच्या वाडीच्या तोंडाशी एक पोरगा पडलेला मी खिडकीतून पाहिला. आठवडा गेला. शहर जरा थंडावल्यावर शामराव म्हणाले, "तिकाटणे दुसऱ्या कामावर हलवा. पाचचं काय ते लिहून टाका." मी लिहिले. चार नंबरला खडक तेवीस फुटांवर होता, सहाला एकवीस. दोन टिंबांमधून पट्टीने रेघ ओढली तर पाच नंबर बरोबर बावीसवर बसत होता. रेघ इतकी सरळ आली की मला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

१९५७ च्या पावसाळ्यात उत्तरेची बाजू चौदा इंच खचली. दारे लागेनात, जिना भिंतीपासून सुटला, चोवीस बिऱ्हाडे सामानासकट रस्त्यावर आली. नंतर दुसऱ्या लोकांनी तिथे बोअर घेतला, खडक एकेचाळीस फुटांवर मिळाला. संस्थेने चौकशी केली. दादरच्या एका शाळेत बाके लावून आम्हांला बोलावले. माझी मूळ वही मागितली. मी सांगितले, "छप्पनच्या जानेवारीतल्या दंगलीत गेली." ज्या दिवसांत माणसे गोळीने मेली, त्या दिवसांच्या आड मी एक वही लपवली. मग विचारले, खडक कोणी सांगितला? मी म्हणालो, "मिस्त्रीने."

गुणाजी दाराशी उभे होते. त्यांना खुर्ची दिली नव्हती. ते म्हणाले, "मी धोंडा म्हनलो होतो." अध्यक्षांनी विचारले, "लेखी आहे का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला.

संस्थेने सगळ्या बोअरिंगवाल्यांना पत्रे पाठवली की या माणसाला कामावर घेऊ नये. आज ते कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी वाहतात. वय बावन्न. पंचवीस वर्षे मी त्यांना अरे-तुरे केले. कामावर त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला जाई आणि मी, मोठा शास्त्रवाला, ते चालू दिले. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मला मनातून वाटले होते की आता हे डोक्यावर बसतील. त्यानंतर दहाच महिन्यांनी मी त्यांच्या डोक्यावर इमारत ठेवली.

वही दुर्गेला सापडली होती. तिने ती ट्रंकेत आपल्या शालूखाली ठेवली. आधी ती गुणाजींच्या पत्नी कौसल्याबाईंच्या घरी जात असे, पण त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्या आजारपणातही गेली नाही. मी एकदा कारण विचारले. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढेच ती म्हणाली.

तरी या कलमान्वये माझे तिकाटणे, दोर, पाइप, छिन्न्या असे सगळे बोअरिंगचे सामान श्री. गुणाजी भिवा तांबे यांना द्यावे. सदर वही त्यांच्या हाती द्यावी. आणि माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांच्या आत हे संपूर्ण कलम दोन मराठी दैनिकांत प्रसिद्ध करावे, म्हणजे त्यांच्या नावावरचा डाग कायमचा धुऊन निघेल.

कलम आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे शेजारी श्री. गंगाधर सबनीस, वकील, यांनी करावी. ते फी घेणार नाहीत असे म्हणतात. घ्यावी.

पुरवणी, तीच तारीख. वरील मजकूर आज रविवारी सकाळी मी मोठ्याने वाचून दाखवला. गंगाधरपंत, सुनेत्रा आणि मी निरोप धाडून बोलावलेले श्री. गुणाजी तांबे हजर होते. खाली वाडीत पुढच्या रविवारच्या महाराष्ट्र राज्याच्या सोहळ्यासाठी कमानी बांधणे चालू होते, म्हणून खिडकी लावून घेतली. वाचून झाल्यावर मला वाटले होते की ते रडतील, किंवा मला शिव्या देतील. मी दोन्हींची तयारी ठेवली होती. त्यांनी आधी दुसरेच विचारले.

"हे कधी छापनार म्हनता?"

"मी गेल्यावर. पंधरा दिवसांत."

"आणि तुमी कधी जानार?"

गंगाधरपंत म्हणाले, "अहो तांबे!"

"न्हाय वकीलसाहेब, इचारू द्या. डॉक्टर वरीसभर म्हनतोय ना? धरणाच्या कामावर बोअरिंग मिस्त्री घेतायत. अर्ज शनवारपतुर. जुन्या कामाचा दाखला मागतायत. वरसानं मी पेपर घेऊन गेलो तर कोन घेनार? तवर गाठी उचलून माझी पाठ जानार." मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, मी तुमच्या मरनाची वाट बगत बसू काय? तसं माझ्याच्यानं हुनार न्हाय. तुमी मला तसल्या कामाला लावू नका."

मी म्हणालो की येत्या महिन्यात सत्कार आहे, निमंत्रणे गेली आहेत, शामराव फिर्याद करतील, तेव्हा जरा थांबावे. गुणाजी उठले. "म्हंजे शाल तुमाला आत्ता आणि माझं नाव मागनं," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरे वाटले असते.

सुनेत्राने टाइपरायटरवरचे फडके काढले आणि कागद चढवला. "किती प्रती, अप्पा?"

"पाच," मी म्हणालो.

कलम सातमधली कबुली ती पत्र म्हणून टाइप करीत होती तेव्हा मला लाज वाटत होती, आणि भीतीही. इमारत खचली तेव्हासुद्धा इतकी वाटली नव्हती, कारण तेव्हा दोष टाकायला माणूस होता. पत्रावर मी सही केली. एक प्रत गृहसंस्थेला, एक धरणाच्या मुंबईतल्या कचेरीला, एक मंडळाला सत्काराच्या नकारासह, एक शामरावांना. पाचवी गुणाजींना, वहीसकट. सामानाच्या कोठीची किल्लीही त्यांना दिली. त्यांनी वही उघडून ते पान स्वतः वाचले, बोट ठेवून, सावकाश. मग वही सदऱ्याच्या आत घातली.

सबब कलम सात मी रद्द करीत आहे. त्यातले जे द्यायचे ते जिवंतपणी दिले आहे. कलम सहामधला सत्कार होणार नसल्याने तेही रद्द. शामरावांविषयीचे कलम पाच कायम.

गंगाधरपंत म्हणाले की आता तांबे यांना या कागदान्वये काही मिळत नाही, तेव्हा दुसरे साक्षीदार म्हणून तेच सही करू शकतात. मी गुणाजींना तशी विनंती केली. ते म्हणाले, "तुमच्या बोलण्यावर सही करायची सवय मोडली माझी. पत्रं पोचू द्या." त्यांची जागा मी मोकळी सोडली आहे. ते न आल्यास गंगाधरपंतांनी दुसरा साक्षीदार पाहावा, आणि मला त्याचे कारण कोणी विचारू नये.

मुंबई, रविवार, दिनांक २४ एप्रिल १९६०.

चिंतामणी रघुवीर वागळे
(सही)

साक्षीदार पहिला: गंगाधर सबनीस, वकील, ठाकूरद्वार. माझ्यासमोर सही झाली. २४ एप्रिल १९६०.
(सही)

साक्षीदार दुसरा: गुणाजी भिवा तांबे, बोअरिंग मिस्त्री, परळ. चारी पत्रांच्या पोचपावत्या मी स्वतः वाचल्या. मग वागळे यांनी माझ्यासमोर ही सही आपलीच असे सांगितले. बुधवार, २७ एप्रिल १९६०.
(सही)